भोंग्याबद्दल तक्रारी

सातनंबरला चालता येत नसे. पाय धडधाकट होते, गुडघे तर त्याच्या वयाच्या माणसांनी हेवा करावा असे. पण उभं आयुष्य सात नंबरची बस चालवण्यात गेल्यामुळे माणसाने जागचं हलायचं ते बसूनच, अशी त्याच्या शरीराची पक्की समजूत झाली होती. निवृत्त झाल्यावर तो कधी पायी निघालाच, तर रस्त्याच्या डाव्या कडेने, बसच्या चालीने निघे. वळायच्या आधी हात बाहेर काढी. कोपऱ्यावर एवढा मोठा वळसा घेई की समोरून येणारा माणूस निमूट भिंतीला पाठ लावून उभा राही. एखाद्या अरुंद दुकानातून मागे सरायची वेळ आली, तर बायकोला बाहेर उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणावं लागे, त्याशिवाय स्वारी हलत नसे. खरं नाव काय ते पगाराच्या पाकिटावर असेल तेवढंच. सगळं शहर त्याला सातनंबर म्हणे.

अशा माणसाच्या गळ्यात एक दिवस कुत्रा पडला.

कुत्रा लेकीचा. लेक लिफ्ट दुरुस्त करते. मोठमोठ्या इमारतींच्या पोटात शिरून, तारांना लोंबकळून, ग्रीसने बरबटून ती अडकलेल्या माणसांना बाहेर काढते, आणि त्या माणसांनी आभार मानायच्या आत पुढच्या इमारतीत पोचलेली असते. तिला कंपनीने नव्या जातीच्या लिफ्टा शिकायला तीन महिने दुसऱ्या शहरात पाठवलं. तिथल्या वसतिगृहात कुत्र्याला मज्जाव. मग एका सकाळी ती आईबापांच्या दोन खोल्यांच्या घरात आली, ते हे ध्यान घेऊन. रंग ओल्या पोत्याचा, एक कान उभा, एक आडवा, आणि आवाज असा की पहिल्याच भुंकण्याला शेजारचा गवंडी कामाची सुट्टी झाली समजून डबा उघडून बसला. लेकीने त्याचं काहीतरी नाजूकसं नाव ठेवलं होतं. सातनंबरने त्या भुंकण्यासरशी त्याला भोंग्या म्हटलं, आणि ते नाजूक नाव त्यानंतर कुणालाच आठवलं नाही, कुत्र्यालाही नाही.

जाताना लेकीने सगळं बजावून सांगितलं. ह्याला रोज फिरवावं लागतं, आणि रोज त्याच त्या जागी नेऊन चालत नाही. कंटाळतो. कंटाळला की घर खातो. हे ऐकून आईने, जी घरी बसून लोकांचे पडदे शिवते, कापडाचे सगळे तागे कपाटाच्या वर चढवले. मग लेक बापाकडे वळली.

"बाबा, जमेल ना? मी दर रविवारी फोन करीन. त्रास होत असेल तर स्पष्ट सांगा. मी त्याची दुसरी सोय करते."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ ह्या वाक्याने घातला.

पहिल्या दिवशी सातनंबर हातात पट्टा घेऊन दारात उभा राहिला आणि जायचं कुठे ते त्याला कळेना. शहर त्याला पाठ होतं, पण काचेतून. गल्ल्यांत बस जात नाही, म्हणून गल्ल्या त्याच्या लेखी नव्हत्याच. शेवटी तो जिथे जाऊ शकत होता तिथेच गेला, म्हणजे सात नंबरच्या वाटेने. स्टॉप आला की थांबायचं. कुणी उतरणारं नाही, चढणारं नाही, तरी थांबायचं आणि तोंडाने "टिंग" म्हणायचं. जरा दम खायचा, "टिंग-टिंग" म्हणायचं, आणि निघायचं. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या. बसच्या दुनियेत याउपर दुसरा कायदा नाही.

कुत्रं मोठं हुशार. आठवडा उलटला नाही तोच स्टॉपचा खांब दिसला की भोंग्या आपणहून बसू लागला, आणि मग दोन घंट्या झाल्याशिवाय त्याला हलवण्याची कुणाची टाप नव्हती. एकदा सातनंबर चपलेचा अंगठा शिवून घ्यायला चांभाराकडे बसला आणि कुत्र्याला तेवढं पुढे न्यायला बायकोला सांगितलं. तिने "चल" म्हटलं, "चल रे राजा" म्हटलं, बिस्किट दाखवलं, मागून ढकललं. भोंग्या ढिम्म. स्टॉपवरच्या एका म्हातारीने तिला कानात सांगितलं की सातनंबर तोंडाने घंटी देतात, तशी द्या. भर रस्त्यात, चार माणसांसमोर, पडदे शिवणाऱ्या त्या भारदस्त बाईला "टिंग-टिंग" म्हणावं लागलं. भोंग्या असा सुटला की तिची चप्पल स्टॉपवरच राहिली. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली की तुम्ही आयुष्यभर मला वेळापत्रकाने वागवलंत, ते मी सोसलं; पण मुक्या जनावरालाही त्या फेऱ्यात ओढलंत म्हणजे कमाल झाली.

पण सुटका त्या मुक्या जनावरानेच केली. कालव्याच्या स्टॉपवर दोघे शिस्तीत थांबले होते. सातनंबर "टिंग" म्हणून दम खात होता. तेवढ्यात कठड्यापलीकडे एक बदक ओरडलं. भोंग्याने आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडला. पट्टा ताणला, सातनंबर पाठोपाठ ओढला गेला, कठड्याच्या खिंडारातून दोघे दगडी पायऱ्यांवरून धडधडत खाली उतरले आणि पाण्याच्या काठाला येऊन उभे राहिले.

ह्या स्टॉपवर त्याने हजारो माणसं उतरवली होती. उतरताना लोकांचे चेहरे खुलायचे ते त्याला आरशात दिसे, आणि ह्यांना इथे मिळतं तरी काय, असं त्याच्या मनात येई. पण गाडी सोडून बघायला कोण जाणार? आज तो गाडी सोडून खाली आला होता. वरचा रस्ता नाहीसा झालेला. डोक्यावर झाडांची कमान, पायाखाली मऊ माती, पाण्यावर उन्हाचे तुकडे, आणि एकामागून एक बदकं, अगदी वेळेवर सुटलेल्या गाड्यांसारखी. भोंग्या पुढे नाक लावून चालत होता. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी त्याला काहीतरी बातमी मिळत होती. सातनंबर मागून चालत होता, वळताना हात न दाखवता. त्याला हसू यायला लागलं. कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. एकटाच हसत तो पार लाकडी पुलापर्यंत गेला आणि पायाचे तुकडे पडेपर्यंत चालून घरी आला, तो बायकोला कालवा सांगतच दारातून आत शिरला.

त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं. रोज एक स्टॉप. आज बाजाराचा, उद्या शाळेचा, परवा जुन्या गिरणीचा. जिथे जिथे तो आजवर फक्त ब्रेक दाबून आला होता, तिथे तिथे तो आता उतरू लागला, आणि प्रत्येक स्टॉपच्या पाठीमागे शहराने काहीतरी लपवून ठेवलेलं निघे. बाजाराच्या मागे, व्यापारी उठून गेल्यावर दुपारी जो ओटा सुना पडतो, तिथे भोंग्याला स्वर्ग सापडला. सडक्या भाज्या, रिकामी खोकी, मासळीवाल्याच्या दगडाखालचा ओलावा. प्रत्येक वासाची तो अशी सावकाश दखल घेई की सातनंबरला एका खोक्यावर बसून एक डुलकी काढता येई. गिरणीच्या मागे रेल्वेचे गंजलेले रूळ होते, त्यांतून कमरेएवढं गवत वाढलेलं, आणि त्या गवतात सशाची बिळं. भोंग्याने ससा कधीच पकडला नाही, पण रोज पकडणारच होता. शाळेच्या सुट्टीच्या दिवशी मैदानाच्या पत्र्याखालून आत सरकलं की अख्खं मैदान आपलं. फक्त पहारेकऱ्याला चहा पाजावा लागे, आणि त्याची सासू कशी आहे ते ऐकून घ्यावं लागे.

आता खरं सांगायचं, तर कुत्र्याला फिरवायची चांगली जागा कोणती, हे माणसाला विचारण्यात अर्थ नाही. माणूस तुम्हाला मोठ्या बागेत पाठवतो. शहरातली ती सगळ्यात देखणी जागा: कापलेली हिरवळ, रांगेत लावलेली फुलं, धुतलेल्या पायवाटा. कुत्र्याच्या लेखी ती पुसून ठेवलेली पाटी, वाचायला काही नाही. सातनंबर एकदा गेला तिथे. फाटकाशी 'कुत्र्यांना मनाई' असं लिहिलेलं होतं. पण त्याला बस थांबवायच्या पाट्या तेवढ्या वाचायची सवय. आत शिरतात न शिरतात तोच माळ्याने शिट्टी फुंकली. एकच शिट्टी. भोंग्या पायवाटेच्या मधोमध खाली बसला. माळी धावत आला, हातवारे केले, निघा म्हणाला. सातनंबर म्हणाला, निघतो, पण कुत्र्याला आधी तशी घंटी व्हायला हवी. माळ्याला ही थट्टा वाटली. तो चिडला आणि संतापाच्या भरात त्याने शिट्टी लागोपाठ दोनदा फुंकली. भोंग्या निघाला. नुसता निघाला नाही, तर वेळ भरून काढायची असल्यासारखा सरळ फुलांच्या वाफ्यातून निघाला, पलीकडच्या कारंज्यातून, मग दुसऱ्या वाफ्यातून. त्यांच्यामागे माळी, आणि माळ्याच्या तोंडात अजून शिट्टी, म्हणजे कुत्रा थांबे आणि सुटे, थांबे आणि सुटे. त्यानंतर बागेचा स्टॉप सातनंबरने कायमचा वगळला.

आणि मग शेवटचा स्टॉप. तिथे रस्ता संपतो, बस वळते आणि परत फिरते. सातनंबरही जन्मभर तिथून परत फिरला होता. पुढे काय आहे हे त्याने पाहिलं ते भोंग्याच्या शेपटीमागून. पुढे फळबागांमधली गाडीवाट होती. दोन्ही बाजूंना कुंपण, आणि खाली पडलेली पिकली फळं, जी भोंग्या खाई आणि मग दिवसभर पश्चात्ताप करी. त्यापुढे मेंढ्यांचं कुरण होतं. तिथल्या मेंढपाळाच्या कुत्रीने पहिल्याच दिवशी भोंग्याला असं काही सुनावलं की त्यानंतर तो कुरणाच्या कडेकडेने, सुनेसारखा खाली मान घालून जाई. आणि कुरणाच्या पलीकडे तळं. तळ्याला लांबच लांब मातीचा बांध, बांधावर गवत, गवतावर वारा. तिथे पट्टा सोडला की भोंग्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावे आणि उलट फिरे. जिभेसकट, कानांसकट, सगळ्या अंगानिशी धावे. ते बघताना सातनंबरच्या छातीत असं भरून येई की तो एकदा मोठ्याने ओरडला. काहीही शब्द नाही, नुसता ओरडला. मेंढ्यांनी माना वर करून पाहिलं. घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं, आणि ती म्हणाली की आता मला हे बघायलाच हवं. दुसऱ्या दिवसापासून तीही थर्मास घेऊन येऊ लागली. शिवणकाम तुंबलं. गिऱ्हाइकं दार वाजवून परत जाऊ लागली. पण उरलेल्या पडद्यांच्या तुकड्यांची एक जाड गोधडी मात्र झटपट शिवून झाली, आणि ती कुणासाठी, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

थोडक्यात, सातनंबर त्या कुत्र्यावर जीव टाकू लागला होता, आणि लेक परत आली की कुत्रा जाणार, म्हणून त्याने कॅलेंडराची पानं उलटायचं सोडून दिलं होतं.

आता इथे डेपोची एक रीत सांगायला हवी. ती ड्रायव्हर लोकांखेरीज कुणाला ठाऊक नसते. डेपोत ज्याला चांगली गाडी मिळाली, तो तिची कधी तारीफ करत नाही. जितकी गाडी चांगली, तितकी तक्रार मोठी. पहाटे फोरमनपुढे उभं राहायचं आणि रडायचं: ब्रेक लागत नाही, क्लच सरकतो, भोंगा घोगरा, चढावर दम लागतो. फोरमनही समजून मान हलवतो. कारण गाडी चांगली असल्याचा सुगावा लागला की कुणा साहेबाच्या मेहुण्याला ती हवी होते. एका नव्या पोराने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, माझी गाडी लोण्यासारखी चालते. पुढच्या आठवड्यात लोणी दुसऱ्याच्या ताटात, आणि पोराच्या हाती असं धूड आलं की उतारावरसुद्धा प्रवासी खाली उतरून ढकलत. सातनंबरने आपली गाडी सगळी वर्षं टिकवली ती निव्वळ तिची निंदा करून.

तेव्हा पहिल्या रविवारी फोन वाजला, लेकीने "कसा आहे?" विचारलं, आणि सातनंबरच्या तोंडून जन्माच्या सवयीने निघालं, की अगं, विचारू नकोस. फार ओढतो. खांदा निखळायची पाळी आली. हे बोलत असताना त्याचा दुसरा हात भोंग्याचा आडवा कान खाजवत होता. कालव्याच्या आठवड्यात तो म्हणाला की ऐकत म्हणून नाही. गिरणीच्या आठवड्यात खातो किती ते बघून डोळे पांढरे व्हायची वेळ आली. आणि तळ्याच्या बांधाचा शोध लागला, त्या रविवारी तर त्याने असा काही पाढा वाचला, वास, केस, आवाज, शेजाऱ्यांची बोलणी, की बायको शिवणयंत्र थांबवून बघत राहिली. तिने फोन मागितला. त्याने तो हाताने झाकला. मग तिने विचारलं, की लेकीशी असं खोटं का बोलता? त्याने तिला रीत समजावून सांगितली. तिने कपाळावर हात मारून घेतला. पण नवऱ्याच्या डेपोच्या भानगडीत पडायचं नाही, हा तिचाही जुना नेम होता.

एक गोष्ट मात्र तो साफ विसरला. तक्रारींना मर्यादा असते. ती ओलांडली की गाडी मेहुण्याला जात नाही, भंगारात जाते.

मुदत संपायच्या आधीच, एका शनिवारी लेक दारात उभी. रजा काढून आली होती, डोळे जागरणाने लाल. आत आल्या आल्या तिने बापाची माफी मागितली. म्हणाली, मला कळायला हवं होतं, ह्या वयात तुमच्यावर हे ओझं टाकायला नको होतं. मी सोय केली आहे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या काकांचं मोठं गोदाम होतं, शहराबाहेर. ते राखणीची कुत्री पाळत, कडक शिस्तीत ठेवत. उद्या दुपारी गाडी घेऊन येणार होते. आणि मी तरी काय करू, ती म्हणाली, नव्या लिफ्टांच्या कामात मी सकाळी निघून अंधार पडल्यावर येणार. तुम्ही सांगताय तसं हे कुत्रं असेल तर त्याला गोदामच बरं.

सातनंबरने तोंड उघडावं तर काय सांगावं? इतके रविवार जे बोललो ते सगळं खोटं? बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की एखाद्या शहाण्या माणसाने तिथल्या तिथे कबुली दिली असती. त्याने दिली नाही. फक्त म्हणाला की उद्या सकाळी त्याला शेवटचं फिरवून आणतो, तूही चल.

रविवारी सकाळी चौघे सात नंबरच्या बसने निघाले. नवा ड्रायव्हर सातनंबरला गुरू मानत असल्याने कुत्र्याचं तिकीट मागायचा प्रश्न नव्हता. भोंग्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि प्रत्येक घंटीला कान टवकारत आला. शेवटच्या स्टॉपवर उतरून ते गाडीवाटेने चालू लागले. लेक बघत होती. "टिंग" म्हटलं की कुत्रा बसत होता. "टिंग-टिंग" म्हटलं की चालत होता. पट्टा सैल होता. खांदा निखळायचं चिन्ह नव्हतं. कुरणाच्या कडेने तो मान खाली घालून, मेंढपाळाच्या कुत्रीला मान देत गेला. लेक म्हणाली, हा तर ऐकतो की. सातनंबर म्हणाला, आज जरा बरा आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

बांधावर आल्यावर त्याने पट्टा सोडला. भोंग्या निघाला. वारा होता, पाण्यावर लाटा होत्या, आणि ते ओल्या पोत्याच्या रंगाचं कुत्रं टोकापर्यंत धावत गेलं, तिथे स्वतःभोवती गिरकी घेतली आणि तसंच परत आलं, तिघांच्या पायांमधून निघून पुन्हा गेलं. लेकीला हसू आवरेना. बायकोने थर्मास खाली ठेवला.

"अहो, बोला," ती म्हणाली. "नाहीतर मी बोलते, आणि मी बोलले तर सगळं बोलेन."

सातनंबरने तळ्याकडे पाहिलं. गाडीची तारीफ केली की गाडी जाते, हे त्याच्या हाडांत होतं. आता बोललो तर लेक म्हणणार, इतका गुणी आहे तर मीच नेते. पण गोदामातल्या साखळीपेक्षा ते बरं. निदान तिच्याजवळ राहील.

"कुत्रा चांगला आहे," तो म्हणाला. आणि एकदा ब्रेक सुटल्यावर गाडी उतारावर जशी जाते तसा पुढे गेला. "फार चांगला आहे. ओढत नाही. घरातलं काही खाल्लं नाही त्याने, एक चिंधी नाही. सकाळी माझ्या आधी उठतो आणि मी उठेपर्यंत आवाज करत नाही. मला कालवा त्याने दाखवला. हे तळं त्याने दाखवलं. इतकी वर्षं मी ह्या वाटेवर होतो आणि मला काही ठाऊक नव्हतं. तू त्याला ने हवं तर, पण गोदामात नको घालूस. आणि नेला नाहीस तर, तर फार बरं होईल."

लेकीने मग विचारलं, की मग दर रविवारी ते काय होतं? त्याने रीत सांगितली. फोरमन, मेहुणा, लोणी, सगळं सांगितलं. आपल्याला किती मूर्ख वाटतंय हेही सांगितलं. ती आधी हसली. तिथेच खिशातून फोन काढून तिने गोदामवाल्या काकांना येऊ नका म्हणून कळवलं, आणि त्यांना कारण सांगताना पुन्हा हसली. कुत्रा तुमचाच, बाबा, ती म्हणाली, मला रविवारी फिरवायला मिळाला तरी पुरे. सातनंबरच्या अंगातून इतका आनंद उसळला की त्याला धरायला काही सापडेना. त्याने बायकोचा हात धरला, तो चांगला हलवला, आणि तिनेही हलवू दिला.

मग लेक हसता हसता थांबली. बांधाच्या गवतावर बसली.

"बाबा," ती म्हणाली. "मी लहान असताना आत्या मला न्यायला आली होती. तेव्हा मी दाराआड उभी होते."

सातनंबरला आठवलं. त्याची थोरली बहीण. मोठं घर, मूलबाळ नाही, शेजारी चांगली शाळा. मुलीला मी वाढवते, म्हणाली होती, इथे दोन खोल्यांत तिचं काय होणार? आणि ती वाईट बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

"तुम्ही तिला सांगितलंत की मी चावते. खोटं बोलते. भांडी फोडते. डोक्यात काही शिरत नाही, शिकवण्यात अर्थ नाही." "मी सगळं ऐकलं होतं. तेव्हापासून मला वाटायचं, बाबांना मी नको होते, पण आत्यालाही नको झाले, म्हणून राहिले. आपण कशाच्या तरी उपयोगी आहोत हे तुम्हाला दाखवायला मी काय काय दुरुस्त केलं असेल."

सातनंबर तिच्याजवळ खाली बसला. बसायला त्याला वेळ लागला. पलीकडून भोंग्या तळ्यातून निथळत आला आणि तिघांच्या अंगावर अंग झाडलं, तरी कुणी हललं नाही. बायको तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती. ती जाणत होती. त्या दिवशी ताई गेल्यावर हा माणूस स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसून किती थरथरला होता, ते तिने पाहिलं होतं.

"अगं, ताई तुझ्यासाठी नवी पेटी घेऊन आली होती," सातनंबर म्हणाला. "आत तुझ्या मापाचे कपडेसुद्धा होते. मी दुसरं काय करणार होतो?"

लेक त्याच्याकडे वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसायला लागलं होतं, दोन्ही एकदम.

"अंथरूण ओलं करते, हेही सांगितलंत."

"दोनदा सांगितलं," तो म्हणाला. "पहिल्यांदा तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं."